बोटीवरची सवय

आमच्या इमारतीत माझ्या थोरल्या दिरांना सगळे कप्तान म्हणतात. ते कप्तान कधीच नव्हते. मोठ्या प्रवासी बोटीवर पहिल्या वर्गाच्या जेवणघरात ते टेबलं सांभाळायचे. पाणी द्यायचं, ताटल्या उचलायच्या, किंचित वाकून ‘अजून काही, साहेब?’ असं विचारायचं. स्टुअर्ड म्हणतात त्याला. खालच्या दुकानदाराने एकदा त्यांचा पांढरा कोट आणि त्यावरची पितळी बटणं पाहिली, ‘या कप्तान’ म्हणाला, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. भावजींनी कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. खोटं बोलायचे नाहीत, नुसते गप्प बसायचे.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. शिवणकाम करते. कॉलर उलटवणं, चेन बदलणं, बाह्या आखूड करणं, असली कामं. आमचे हे गेल्यापासून माझं सगळं माझं मी बघते, पण दुपारचा चहा मात्र वर, भावजी आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे. जाऊबाईंना मी ताई म्हणते. आमच्या दोघींचं पटतं, कारण दोघींनाही कामापुरतं बोलायला आवडतं. भावजींचं तसं नव्हतं. त्यांच्याकडे बोट होती ना!

ती बोट मी इतक्या वेळा ऐकली आहे की कान किटले. तिला तीन धुराडी होती आणि त्यातलं तिसरं खोटं होतं. नुसतं दिसायला. दोन धुराड्यांची बोट प्रवाशांना गरिबाघरची वाटायची, म्हणून कंपनीने एक जादा उभं केलं. त्यातून धूर कधी निघाला नाही. आत प्रवाशांची कुत्री ठेवायचे. हे सांगताना भावजी दर वेळी आवाज खाली आणायचे, जणू कंपनीचा माणूस आमच्या जिन्यात कान देऊन बसलाय. मग ते जेवणाचं दालन. छताला लोंबणारं काचेचं झुंबर, कोपऱ्यात कुंड्यांमधली पानं, उंचावर बसलेले वाजवणारे. बोट हलायला लागली की आधी झुंबर किणकिणायचं, मग ताटल्या सरकायच्या, मग प्रवाशांचे चेहरे हिरवे पडायचे आणि सगळ्यात शेवटी वाजवणारे थांबायचे. कधी कधी थांबायचेच नाहीत. एकदा म्हणे सारंगीवाला खुर्चीसकट घसरत दालनाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि वाजवत वाजवतच परत आला. मी म्हटलं, भावजी, थापा मारायला काही सुमार? ते म्हणाले, ‘तुला नाही कळायचं. तू जमिनीवर वाढलीस.’

जमिनीवर वाढलीस, हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं. मला दर वेळी राग यायचा. बाकीचे काय झाडावर वाढतात?

विमानं सुरू झाली आणि बोटीचे दिवस भरले. जे अंतर कापायला पंधरवडा लागायचा तिथे माणूस झोपून उठेपर्यंत पोचायला लागला. शेवटच्या फेरीत म्हणे टेबलं जास्त आणि जेवणारे कमी होते, तरी मुख्य स्टुअर्डच्या हुकमाने सगळी टेबलं मांडली होती. मग बोट भंगारात गेली आणि भावजी कायमचे घरी आले. मध्ये काही वर्षं एका हॉटेलात नोकरी केली, पण तिथे त्यांचं मन लागलं नाही. तक्रार काय, तर हॉटेल हलत नाही.

त्यांनी मग घरच हलवायला घेतलं. जेवणाच्या टेबलाला चारी बाजूंनी लाकडी पट्ट्या ठोकल्या, ताटली घसरून पडू नये म्हणून. दुसऱ्या मजल्यावर! पाहुणे यायचे असले की टेबलावर स्वच्छ टेबलक्लॉथ घालायचा आणि त्यावर तांब्याने पाणी शिंपडून तो ओला करायचा. ओल्या कापडावर ताटली सरकत नाही. बोटीवर हवा बिघडली की असंच करत. पाहुण्यांची कोपरं भिजायची, ती भिजू देत. स्वयंपाकघराला ते भटारखाना म्हणत, झोपायच्या खोलीला केबिन, आणि आमच्या त्या कपडे वाळत घालायच्या गॅलरीला डेक. चालताना पाय फाकवून चालत आणि जिन्यात कुणी समोरून आलं तर भिंतीला पाठ लावून उभे राहत, प्रवाशाला वाट द्यायला. मोलकरणीलासुद्धा. ती आधी लाजायची, पुढे पुढे राणीसारखी जायला लागली.

ताई हे सगळं कसं चालवून घेत, कुणास ठाऊक. लग्न झाल्यापासून त्यांनी भावजींना वर्षाकाठी महिना-दीड महिना पाहिलं असेल. मूल एकटीने वाढवलं, सासू-सासऱ्यांची दुखणी एकटीने काढली. नवरा घरी आला तोवर केस पिकले, आणि आलेला नवरा दिवसरात्र दुसरीचंच कौतुक सांगत बसलेला. मी एकदा विचारलंही, की ताई, तुम्हाला चीड नाही येत? त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, ‘बाई असती तर झिंज्या उपटल्या असत्या. बोटीला काय करणार?’

इतर घरांत म्हातारा माणूस तेच तेच पुन्हा सांगायला लागला की लोक घाबरतात. आमच्याकडे उलटं झालं. ते तेच तेच सांगायचे थांबले, तेव्हा आम्ही घाबरायला हवं होतं. आम्हाला वाटलं, चला, सुटलो.

एका दुपारी ते धुराड्याची गोष्ट सांगायला लागले आणि ‘तिसऱ्या धुराड्यात...’ म्हणून थांबले. ताईंनी कप पुसता पुसता सांगितलं, ‘कुत्री.’ ‘हां, कुत्री,’ भावजी म्हणाले आणि हसले. पुढच्या वेळी अर्धी गोष्ट ताईंनीच सांगितली. त्याच्या पुढच्या वेळी सगळी. भावजी मान डोलवत ऐकत होते आणि योग्य जागी हसत होते. मला वाटलं, नवराबायको म्हातारपणी एकमेकांसारखी होतात म्हणतात, तसं असेल.

मग त्यांच्या केबिनपासून, म्हणजे खोलीपासून, न्हाणीघरापर्यंत भिंतीला एक दोर लागला. मी विचारलं तर ताई म्हणाल्या, ‘बोटीवरची सवय. वादळात धरायला असा दोर बांधतात.’ कपाटांवर चिठ्ठ्या आल्या: कप, साखर, टॉवेल. ‘बोटीवरची सवय. तिथे प्रत्येक फडताळावर नाव असायचं.’ पुढच्या दाराला आतून एक घंटा लटकली, दार उघडलं की वाजणारी. तीही बोटीवरचीच. मी म्हटलं, एवढ्या वर्षांत नव्हती ती सवय आत्ता कुठून उपटली? ताई म्हणाल्या, ‘वय झालं की माणूस जुन्याकडे जातो.’

एक दिवस त्यांनी भावजींचे सगळे शर्ट माझ्याकडे आणले. कॉलरच्या आत एकेक पट्टी शिवायची होती. पट्टीवर पक्क्या शाईने लिहिलेलं: भावजींचं नाव, इमारत, मजला. ‘बोटीवरच्या लाँड्रीत अशी खूण लागायची,’ ताई म्हणाल्या, ‘म्हटलं, तेवढंच त्यांना बरं वाटेल.’ मी पट्टी हातात घेतली. खाली फोन नंबर होता. अहो, भर समुद्रातल्या लाँड्रीला फोन नंबर कशाला लागतो?

मी ताईंकडे बघितलं. ताई खिडकीबाहेर बघत होत्या.

‘टाके आतून घाल,’ त्या म्हणाल्या. ‘मानेला टोचायला नकोत.’

मी आतून घातले. त्या दिवशी त्या बराच वेळ मशीनजवळ बसून राहिल्या आणि मग आपणहून बोलल्या. भावजी एकदा घरातून निघून गेले होते. जुन्या जहाज कंपनीच्या कचेरीच्या जागी आता बँक आहे, तिथे काउंटरसमोर उभं राहून ‘बोट कुठल्या धक्क्याला लागलीय?’ म्हणून विचारत होते. बँकेच्या पहारेकऱ्याने घरी आणून सोडलं. मुलाला कळलं तर तो त्यांना घेऊन जाईल, याची ताईंना धास्ती होती. ‘आयुष्यभर मी माणूस कंपनीला दिला,’ त्या म्हणाल्या. ‘कंपनीने नको झाल्यावर परत केला. आता पुन्हा कुणाला देणार नाही मी. कुणी मागितला तरी नाही.’

ताईंना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, उरलेले शर्ट उद्या देते.

मुलाला कळायचं ते कळलंच. बँकेत त्याच्या ओळखीचं कुणीतरी होतं. तो आला, चार दिवसांची रजा काढून. पोरगा वाईट नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं, दोन शब्द सुनावून वाटेला लावला असता. पण तो येताना वडिलांसाठी मऊ चपला घेऊन आला, आईचे गुडघे कसे आहेत ते विचारलं, मलाही एक चांगली कात्री आणली. आणि जेवण झाल्यावर त्याने बोलायला घेतलं. त्याच्या शहरात एक ठिकाण होतं. अशाच माणसांसाठी. स्वच्छ, हवेशीर, बाग, चोवीस तास नर्सबाई. तो स्वतः आतून बघून आला होता. फक्त तिथे जोडप्याने राहता येत नाही. आई त्याच्याकडे राहील, दर रविवारी भेटायला जाता येईल.

‘अशाच म्हणजे कशा माणसांसाठी?’ ताईंनी विचारलं.

‘आई, बाबांचं डोकं पूर्वीसारखं नाही राहिलं.’

‘त्यांचं डोकं ठणठणीत आहे. त्यांना बोटीवरच्या सवयी आहेत. तू लहानपणी कधी पाहिल्या नाहीस, कारण तेव्हा ते घरी नव्हते.’

मुलाने पाण्याचा पेला बाजूला सारला. मग म्हणाला, ‘ठीक आहे. तसं असेल तर मलाच आनंद आहे. मी बघतो चार दिवस.’

त्या चार दिवसांत ताईंची जी तारांबळ उडाली ती मी पाहिली आहे. भावजींच्या आधी उठायचं, त्यांच्या पुढे चालायचं, त्यांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपण द्यायचं आणि तोंडावर हसू ठेवायचं. ‘आई, त्यांना बोलू दे ना,’ असं मुलगा दोनदा म्हणाला. भावजींना मात्र कशाचा ताण नव्हता. ते मुलाशी फार अदबीने वागत होते. त्याच्यासाठी खुर्ची मागे ओढत, त्याच्या कपाकडे लक्ष ठेवत. मुलगा एकदा मला हळूच म्हणाला, ‘काकू, बाबा माझ्याशी इतकं चांगलं कधीच वागले नाहीत.’ मी त्याच्याकडे न बघता सुई ओवायला घेतली. मी म्हटलं, म्हातारपणी मऊ होतात माणसं.

तिसऱ्या दिवशी मुलाने बॉम्ब टाकला. भावजींच्या बोटीवरच्या पावभट्टीत काम केलेला एक माणूस त्याने शोधून काढला होता. एकाच केबिनमध्ये राहिलेला, अजून हिंडता-फिरता असलेला. त्याला उद्या चहाला बोलावलंय म्हणाला. ‘बाबांना किती बरं वाटेल! आणि आई, सवयी कुठल्या न् काय, तेही कळेल.’ शेवटचं वाक्य त्याने हसत म्हटलं, पण ते हसण्यावारी नव्हतं. ताईंच्या हातातली किटली तशीच राहिली.

रात्री त्या जिन्यात मला म्हणाल्या, ‘दोराचं खरं आहे. ओल्या टेबलक्लॉथचं खरं आहे. बाकीचं मी मनाने सांगितलंय. मी कधी बोटीवर पाऊल ठेवलंय का? मला काय माहीत आत काय असतं ते?’

‘मग आता?’

‘आता काय. बघू.’

पाववाला आला. जाडजूड, घामाघूम, जिन्याने धापा टाकत. दारातली घंटा वाजली तसा दचकला आणि मग मोठ्याने हसला. भावजी पांढरा कोट घालून उभे होते. टेबल त्यांनी स्वतः मांडलं होतं, आणि त्या मांडण्यात नाव ठेवायला जागा नव्हती. सुरी, काटा, चमचा, घडी केलेला रुमाल, सगळं जिथल्या तिथे. हात काही विसरले नव्हते. पाववाला दोन्ही हात पसरून पुढे झाला. भावजींनी किंचित वाकून खुर्ची मागे ओढली.

‘या साहेब. आपलं टेबल तयार आहे.’

पाववाल्याचे हात क्षणभर तसेच हवेत राहिले. मग त्याने ते खाली घेतले आणि तो बसला. मुलगा समोर बसला. मी खिडकीपाशी, ताई मध्ये.

भावजींनी तांब्या उचलला आणि टेबलक्लॉथवर पाणी शिंपडलं. मुलाने मान वळवून पाववाल्याकडे पाहिलं. ‘अरे वा!’ पाववाला ओरडला. ‘अजून करतो हा! आमच्या तिथे वादळात...’ आणि त्याने वादळाची गोष्ट सुरू केली. भट्टीतून पावाच्या लाद्या कशा उडाल्या, पिठाचं पोतं कसं फुटलं, भुतासारखे पांढरे होऊन सगळे कसे वर धावले. सारंगीवालाही त्यात आला. खुर्चीसकट घसरला होता म्हणे, खरंच. मी खजील झाले. भावजी ऐकत होते आणि बरोबर जागी म्हणत होते, ‘हो साहेब’, ‘अगदी खरं, साहेब.’

‘बाबा,’ मुलगा मध्येच म्हणाला, ‘ते तिसरं धुराडं होतं ना, त्यात काय ठेवायचे?’

ताईंनी तोंड उघडलं. मुलाने त्यांच्या हातावर हात ठेवला. ‘तू नको सांगूस, आई.’

आम्ही सगळे भावजींकडे बघत होतो. त्यांनी रुमालाची घडी नीट केली. अजिबात गडबडले नाहीत. ‘साहेब,’ ते म्हणाले, ‘मी मुख्य स्टुअर्डना विचारून लगेच सांगतो.’

आता संपलं, असं मला वाटलं. तेवढ्यात पाववाल्याने टेबलावर थाप मारली आणि पोट धरून हसायला लागला. ‘हेच! अरे, हेच! प्रवाशाला उत्तर द्यायचं नसलं की हा असंच म्हणायचा! आणि मग दिवसभर त्या बाजूला फिरकायचा नाही!’ तो इतका हसला की मुलगाही हसला. भावजीही हसले, पाहुणे हसतात म्हणून.

ताई चहा करायला उठल्या, पण मुलगा म्हणाला, तू बस, दूध मी काढतो. त्याने फ्रिज उघडला आणि तसाच उभा राहिला. मग हात आत घालून त्याने भावजींचे काळे जोडे बाहेर काढले. पॉलिश केलेले, लेस आत खोचलेल्या, दुधाच्या पातेल्याशेजारी व्यवस्थित ठेवलेले.

‘आई, हे काय?’

ताई म्हणाल्या, ‘बोटीवरची सवय.’ त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. ‘दमट हवेत कातड्याला बुरशी येते. म्हणून तिथे जोडे थंड कोठीत ठेवायचे.’

अगं बाई, मी मनात म्हटलं, काय हे! मी जमिनीवर वाढलेली, पण मलासुद्धा कळतं की ज्या थंड कोठीत हजार माणसांचं खाणं राहतं तिथे कुणी जोडे ठेवत नाही. मुलाने जोडे टेबलावर, त्या ओल्या पांढऱ्या कापडावर ठेवले आणि पाववाल्याला विचारलं, ‘खरं आहे का हो हे? ठेवायचे का?’

पाववाल्याने जोड्यांकडे पाहिलं. मग ताईंकडे. ताई त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या भावजींच्या कोटाच्या बाहीवरचा एक धागा काढत होत्या आणि तो निघत नव्हता.

‘खरं म्हणजे काय!’ पाववाला म्हणाला. ‘माझ्या यीस्टच्या डब्याशेजारी ठेवायचा मेला! कितीदा भांडलो मी. म्हटलं, तुझे जोडे फुगतील आणि माझा पाव पॉलिश मारेल. ऐकेल तर शपथ. या सगळ्या स्टुअर्ड लोकांना तीच खोड. जोडे चकचकीत पाहिजेत ना, साहेबलोकांसमोर जायचं असतं!’

मुलगा खाली बसला. त्याने दोन्ही हातांनी तोंड चोळलं आणि तो हसला, अगदी लहान मुलासारखा. ‘मी उगाच काय काय मनात आणलं,’ तो म्हणाला. बिचाऱ्यालाही तेच ऐकायचं होतं. आपल्या बापाला कुठेतरी नेऊन ठेवायची हौस कुणाला असते?

पाववाल्याला सोडायला मी खालपर्यंत गेले. माझ्या दारापाशी तो कठड्याला धरून थांबला. मला वाटलं, दम लागला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

‘खालच्या बर्थवर मी आणि वरच्या बर्थवर तो, अशी आमची उभी हयात गेली,’ तो म्हणाला. ‘मला पोत्या म्हणायचा. शिवी घातल्याशिवाय एक दिवस बोलला नाही माझ्याशी. आज मला साहेब म्हणाला हो.’

मी त्याला आत बोलावलं, पाणी दिलं. विचारलं, ‘मग जोड्यांचं तसं का सांगितलंत?’

‘थंड कोठीत जोडे! आमच्या मुख्य आचाऱ्याने जोडेवाल्यासकट दर्यात फेकलं असतं.’ पाणी पिऊन त्याने पेला खाली ठेवला. ‘बाई, आमची बोट तोडायला नेली तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. आज मला विचारलं. मी नको म्हणालो. झालं.’ मग त्याने टोपी घातली आणि पुढचा बस थांबा कुठे ते विचारून घेतलं.

मुलगा दुसऱ्या दिवशी गेला. जाताना ताईंकडून कबूल करून घेतलं की पुढच्या महिन्यात डॉक्टरला दाखवायचं. ताई हो म्हणाल्या. तो गेल्यावर मी त्यांच्यावर भडकलेच. म्हटलं, असं किती दिवस वेळ मारून नेणार? उद्या गॅस चालू राहिला, परवा ते पुन्हा निघून गेले, मग? तुमचं स्वतःचं वय काय? ताई म्हणाल्या, ‘जितके दिवस मिळतील तितके.’ त्यांनी बरोबर केलं का चूक, ते मला विचारू नका. मला दोन्ही वाटतं, आणि कधी कधी एकाच दिवसात वाटतं. दिवसातून दोनदा मी वर जाऊन गॅसचं बटण तेवढं बघून यायला लागले.

त्यानंतर काही दिवसांनी मी दुपारी वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं; कुणी झोपलं असेल म्हणून घंटा हाताने धरून आत गेले. गॅलरीत, म्हणजे डेकवर, दोघं खुर्च्या टाकून बसली होती. भावजींच्या पायावर चादर. ताई बोट सुटायच्या वेळची गोष्ट सांगत होत्या. डेकवरचे लोक रंगीत कागदी फिती खाली सोडतात, धक्क्यावरचे लोक त्यांची टोकं धरतात, बोट हळूहळू लांब जाते, फिती ताणतात आणि तुटतात. वाजवणारे वाजवत असतात. ही गोष्ट भावजींकडून मी ऐकली होती, पण ताई ती जास्त चांगली सांगत होत्या. मी आतच उभी राहिले.

गोष्ट संपली. भावजींनी वळून ताईंकडे पाहिलं, चांगलं निरखून.

‘तुम्ही होतात का त्या बोटीवर?’ त्यांनी विचारलं.

ताई थांबल्या. अगदी थोडंसं. ‘होते ना,’ त्या म्हणाल्या.

‘मग तुम्हाला माहीत असेल. आज लागणार ना आपण?’

‘हो. संध्याकाळी.’

‘बरं झालं.’ त्यांनी चादर सारखी केली. ‘माझी बायको येते धक्क्यावर. फार लवकर येऊन उभी राहते. तिला आत सोडत नाहीत. आणि बाई, ती वर बघते हो. वरच्या डेककडे, जिथे प्रवासी असतात ना, तिथे बघून हात हलवते. आम्ही खाली असतो. पाण्याला लागून. भांडी धुवायच्या खोलीला एक गोल खिडकी आहे, तिथून मी बघत असतो तिला. सगळे ओरडतात, काम कर, काम कर. मी हलत नाही. ती दिसेनाशी होईपर्यंत बघतो. सुटताना पण आणि लागताना पण.’

ताई त्यांच्याकडे वळून बसल्या.

‘तिला वाटत असेल, हा माणूस बघतसुद्धा नाही,’ भावजी म्हणाले. ‘घरी गेलो की दर वेळी सांगायचं ठरवतो. मग राहूनच जातं.’

ताईंनी खुर्ची ओढून त्यांच्या खुर्चीला लावली.

‘सांगेन मी तिला,’ त्या म्हणाल्या.